सकाळीही पकडत नाही, गरम झाल्यावरही नाही : २००६ ची एमपीएफआय गाडी, सोबत सीएनजी किट

खारेगाव_कळवा · शनिवार, रात्री १०:१०

नमस्कार. गाडी बाबांची, चालवते मी. २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर), एमएच ०४ पासिंग. २०१४ मध्ये सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी वेळेवर केलेली आहे. १५ वर्षं झाल्यावर, २०२१ मध्ये, रजिस्ट्रेशन ५ वर्षांनी वाढवून घेतलं. काटा १ लाख ३८ हजारांवर आहे.

त्रास असा. सकाळी पहिला सेल्फ आठ-दहा सेकंद मारला तरी पकडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पकडते आणि मग दिवसभर नीट धावते. महापेला ऑफिसखाली नऊ तास उभी राहिली की संध्याकाळी पुन्हा तेच.

दुसरा त्रास गरम असताना. ठाणे-बेलापूर रोडवर गॅस भरायला थांबले की इंजिन बंद, सगळे खाली, रांगेत पंधरा-वीस मिनिटं. परत सेल्फ मारला की नुसतं घुर्र घुर्र, पेट्रोलचा वास येतो, मग कशीबशी पकडते आणि थोडा वेळ थरथरते. मागे रिक्षांची रांग हॉर्न मारत असते. पण बंद करून मिनिटभरात सेल्फ मारला तर अर्ध्या सेकंदात चालू.

कळव्यातल्या एका गॅरेजमध्ये आतापर्यंत बॅटरी, चार प्लग, पेट्रोल फिल्टर बदलून झालं आणि थ्रॉटल बॉडी साफ झाली. ८,४०० रुपये गेले, फरक काहीच नाही. आता ते म्हणतात की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, सेकंडहँड बसवू, १८,००० होतील.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून तीनदा तिला नौपाड्यात फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात तिला पाय दुमडता येत नाही. गाडी विकून नवी घेणं सध्या शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर मला ही गाडी घालवायची नाही. ईसीयू बदलावा का?

---

मुलुंड_चेकनाका · शनिवार, रात्री १०:४२

आधी बॅटरी मोजा. नवी असली तरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. जात असतील तर बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला येणारी अर्थची पट्टी बघा. आपल्या पावसात ती नटाखाली हिरवी पडते.

---

ऐरोली_सेक्टर८ · शनिवार, रात्री ११:२०

गरम झाल्यावर त्रास म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) असू शकतो. माझ्या जुन्या गाडीचा तसाच गेला होता. थंड असताना ठीक, तापला की सिग्नल बंद. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा २००-२५० पर्यंत हलला तर सेन्सर जिवंत आहे. अजिबात हलला नाही तर शंका घ्यायची. तीन-चारशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनरही मिळतो, तो लावून कोड वाचा.

---

रोड_नंबर_२२ · रविवार, सकाळी ७:०५

ताई, ईसीयू बदलू नका. कारण तुमच्याच गाडीत दिसतंय.

सिक्वेन्शियल किटला स्वतःची अक्कल फार थोडी असते. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टरला जो सिग्नल देतो तो वाचूनच किट गॅसचे इंजेक्टर उघडतं. म्हणजे दिवसभर गॅसवर नीट धावणारी गाडी ही ईसीयू, क्रँक सेन्सर आणि कॉइल ठणठणीत असल्याची साक्ष आहे. दोन इंधनांवर धावते आणि फक्त पकडताना अडते, तर ईसीयूचा नंबर सगळ्यात शेवटी.

स्कॅनरबद्दल. आपल्याकडे ओबीडी (गाडीतच दोषांचे कोड नोंदवणारी यंत्रणा) आलं ते बीएस-४ प्रदूषण नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून, आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. २००६ च्या गाडीत कंपनीची स्वतःची भाषा असते, बाजारातला स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा तिच्याशी बोलतच नाही. आणि बोलला तरी पेट्रोलचं प्रेशर किती आहे हे तो सांगणार नाही, कारण या गाड्यांच्या रेलवर (चारही इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सरच नसतो. ते गेज लावूनच मोजायचं.

मी वागळे इस्टेटला ३१ वर्षं हेच काम केलं. सुरुवात कार्ब्युरेटरवर, २००० नंतर बहुतेक इंजेक्शन. आता हात थरथरतात म्हणून काम करत नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणून सांगतो, सुटा भाग बदलायच्या आधी गाडीला प्रश्न विचारायचे. खालच्या चार गोष्टींना एक पैसा लागत नाही.

सकाळी सेल्फ मारायच्या आधी किल्ली ऑन करा. मागच्या सीटखाली दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण येईल. ती थांबली की ऑफ. असं तीनदा, आणि चौथ्यांदा सेल्फ. झटकन पकडली तर रात्रीत रेलमधलं प्रेशर उतरतंय. त्या तीन वेळांत तुम्ही ते परत भरलंत.

हाच प्रयोग गॅस भरून झाल्यावर गरम गाडीवर करा. तिथे फरक पडतो का, की उलट जास्त त्रास होतो, ते सांगा.

गरम गाडी पकडत नसेल तेव्हा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करायचं नाही, दाबूनच धरायचा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत सेल्फ चालू असताना थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा दिसला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा जाते. याने पकडली तर सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालंय.

चौथं, एका सकाळी थेट गॅसवर स्टार्ट करून बघा. बहुतेक किटमध्ये गॅसचं बटण दाबून धरून किल्ली ऑन केली की इमर्जन्सी स्टार्ट मिळतो. लगेच पकडली तर सगळा दोष पेट्रोलच्या बाजूला. हे एकदाच, तपासापुरतं. रोज करू नका, थंड रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठतो आणि आतला पडदा खराब होतो.

शेवटी एक. गॅरेजवाल्याने प्लग काढले तेव्हा चारही एका रंगाचे होते का? आठवत असेल तर सांगा.

---

खारेगाव_कळवा · मंगळवार, रात्री ९:३०

काका, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. लिहून ठेवलं म्हणजे चुकणार नाही.

बॅटरी सकाळी १२.५, सेल्फ मारताना १०.४. आरपीएमचा काटा सेल्फच्या वेळी हलतो, अडीचशेच्या आसपास. म्हणजे ते दोन्ही बाद.

सकाळी तीनदा किल्ली ऑन-ऑफ केली आणि चौथ्यांदा पहिल्या सेकंदात पकडली! दोन दिवस लागोपाठ.

काल गॅस भरून झाल्यावर तेच केलं तर नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि वासही जास्त आला. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, चार सेकंदांत पकडली. मागून काळा धूर आला, बाबांनी आरशात बघितला.

आज सकाळी थेट गॅसवर, लगेच पकडली.

प्लगचं मला आठवत नव्हतं, पण बाबांना आठवलं. त्यांनी जुने प्लग कागदात गुंडाळून, वर नंबर टाकून ठेवलेत. चाळीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होते, काही टाकत नाहीत. १, २, ४ नंबर फिकट तपकिरी, जवळजवळ पांढरट. ३ नंबर काजळीने काळाकुट्ट.

आणि एक गोष्ट, कदाचित संबंध नसेल. बाबांची एक वही आहे. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि गॅस, तारीख, किलोमीटर, सगळं त्यात आहे. पेट्रोल आम्ही ५-५ लिटर टाकतो, कारण ते फक्त सकाळच्या पहिल्या दोन किलोमीटरला लागतं. पूर्वी ५ लिटर सहा आठवडे पुरायचे. मेपासून पंचवीस-सव्वीस दिवसांत संपतात. किलोमीटर तेवढेच, रस्ता तोच, खारेगाव-विटावा-दिघा-महापे.

---

घणसोली_गाव · मंगळवार, रात्री १०:०५

पेट्रोल लवकर संपतं ते ई२० मुळे, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे असेल. सगळ्यांचंच ॲव्हरेज पडलंय.

---

रोड_नंबर_२२ · बुधवार, सकाळी ६:५०

ताई, संबंध आहे. सगळा संबंध त्या वहीतच आहे. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

घणसोलीचे म्हणतात तसं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरं. पण पेट्रोलमध्ये ते २० टक्के. म्हणजे ॲव्हरेज शेकड्याला सहा-सात पडेल, सहा आठवड्यांचे पंचवीस दिवस होणार नाहीत. शिवाय ही गाडी धावते गॅसवर. तर मग पेट्रोल जातं कुठे?

बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर गेली तरी टाकीतला पेट्रोल पंप चालूच राहतो. किट फक्त पेट्रोलच्या इंजेक्टरचा सिग्नल तोडतं. रेलमध्ये जवळजवळ ३ बार प्रेशरने पेट्रोल उभं असतं आणि इंजेक्टर बंद असतात. त्यातला एक जर नीट बसत नसेल तर तो गॅसवरही थेंब थेंब गळत राहतो. तुमचा ३ नंबर गळतोय असं मला दिसतंय.

बाकी तीन प्लग पांढरट का, तेही यातच आहे. ऑक्सिजन सेन्सर एकच, तो चारही सिलिंडरचा मिळून धूर हुंगतो. ३ नंबरमध्ये फुकटचं पेट्रोल आल्यामुळे त्याला मिश्रण जाड वाटतं, म्हणून ईसीयू सगळ्यांचंच इंधन कमी करतो. ३ नंबर तरीही तुडुंब, बाकीचे उपाशी.

हिशेब करून बघा. एक थेंब साधारण ०.०५ मिली. तीन सेकंदांना एक थेंब धरा. तासाला १,२०० थेंब, म्हणजे ६० मिली. तुमची गाडी रोज दीड तास चालू असते असं समजलं तर ९० मिली. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सव्वादोन लिटर. आता वहीशी ताडा. पूर्वी महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास, आता पावणेसहा-सहा. वाढ तेवढीच आहे.

गरम असताना तुमची गाडी का अडते तेही आता कळेल. इंजिन बंद केलं की रेलमधलं उरलेलं पेट्रोल ३ नंबरच्या पोर्टमध्ये (सिलिंडरच्या तोंडाशी) गळतं आणि रेल रिकामी होते. मिनिटभरात सेल्फ मारला तर अजून फारसं गळलेलं नसतं. वीस मिनिटांनी तिथे डबकं असतं. त्यात तुम्ही तीनदा किल्ली ऑन केलीत, प्रत्येक वेळी पंपाने त्या डबक्यात भर घातली. सकाळी ते डबकं उडून गेलेलं असतं, म्हणून तेव्हा तोच उपाय लागू पडतो.

गेज लावायच्या आधी अजून एक फुकटचा प्रयोग. गाडी गरम करा, गॅसवर टाका, उभी करून आयडलवर ठेवा. आता पंपाचा फ्यूज काढा. मॅन्युअल बघून काढा, तो फक्त पंपाचाच हवा. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर इंजेक्टरही असतात आणि इंजिन बंद पडेल. पंप थांबला की रेलमधलं प्रेशर अर्ध्या-एक मिनिटात गळून जाईल. त्यानंतर आयडलमध्ये काय फरक पडतो ते सांगा.

आणि डिपस्टिक काढून हुंगा. ऑइल वाढलेलं असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर लांब चालवू नका. गळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. बेअरिंगला पातळ ऑइल चालत नाही. मला यातलं सगळ्यात जास्त काळजीचं हेच वाटतं, स्टार्टिंगपेक्षाही.

---

खारेगाव_कळवा · गुरुवार, रात्री ८:५५

आज आईला फिजिओथेरपीहून आणल्यावर सोसायटीच्या गेटबाहेर, मोकळ्यावर गाडी उभी केली. बाबा पुढे, आई मागेच बसली होती, तिला उतरायला वेळ लागतो. गॅसवर आयडल. नेहमीसारखं स्टीअरिंग थरथरत होतं, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती हलत होती. बाबांनी मॅन्युअलमध्ये बघून पंपाचा फ्यूज काढला.

पहिले वीस-तीस सेकंद काही नाही. मग थरथर कमी कमी होत गेली आणि थांबली. मूर्ती स्थिर. आईने मागून विचारलं, "बंद पडली का गं?"

बंद पडली नव्हती. काटा ८५० वर होता. इतकं शांत आयडल मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. फ्यूज परत लावून पुन्हा स्टार्ट केली, की थरथर सुरू.

डिपस्टिकला वास येतो. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं वर आहे. मी भरलेलं नाही. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर पावसाळ्यानंतर आम्ही हीच गाडी घेऊन गावी निघालो असतो, कशेडी चढून.

सेन्सरही मोजून ठेवला, बाबांचा मल्टिमीटर आहे. कूलंटचा टेंपरेचर सेन्सर सकाळी १.८ किलोओहम, गरम झाल्यावर ३१० ओहम.

---

रोड_नंबर_२२ · गुरुवार, रात्री ९:४०

सेन्सर चांगला आहे. तो गरम असतानाही दोन-अडीच किलोओहम दाखवत असता तर ईसीयूला इंजिन थंड वाटलं असतं, त्याने जास्त पेट्रोल दिलं असतं आणि लक्षणं अशीच दिसली असती. मोजलंत ते बरं झालं, तो रस्ता बंद झाला.

आता गेज. रेलला दोन नळ्या असतील, एक टाकीकडून येणारी आणि एक परत जाणारी, तर येणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज बसवायचा. इंजिन बंद केल्यावर प्रेशर किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून बघायचं. मग परतीची नळी चिमटायची, मग येणारी चिमटायची. परतीची चिमटल्यावर टिकलं तर दोष प्रेशर रेग्युलेटरचा, येणारी चिमटल्यावर टिकलं तर पंपाच्या चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), दोन्ही चिमटूनही उतरलं तर इंजेक्टरचा.

---

नेरुळ_पश्चिम · गुरुवार, रात्री ११:१५

एक विनंती, नळ्या चिमटू नका. माझ्या २००४ च्या गाडीची नळी अशीच पकडीने दाबली आणि तिथेच आतून चिरली. दोन दिवसांनी पाम बीच रोडवर बोनेटमधून पेट्रोलचा वास आला, उघडून बघितलं तर गरम इंजिनवर फवारा उडत होता. आग लागली नाही हे नशीब. जुनं रबर कडक झालेलं असतं, आणि त्या काळच्या नळ्या २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. चिमटण्याऐवजी टी बरोबर छोटा बॉल व्हॉल्व्ह लावा. आणि कुठेही नळी सोडवली तर ती परत लावू नका, इंजेक्शनच्या प्रेशरची नवी नळी आणि नवी क्लिप घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीची साधी नळी चालत नाही.

---

रोड_नंबर_२२ · शुक्रवार, सकाळी ६:४०

नेरुळचे बरोबर बोलतात. मी नव्या नळ्यांच्या काळातली सवय सांगितली. व्हॉल्व्हच लावा.

आणि ताई, हे घरी करू नका. तुमच्या पार्किंगमध्ये तर नाहीच, स्टिल्टखाली पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि शेजारी पाण्याच्या पंपाची मोटर असते. इंजेक्टरचं टेस्ट बेंच असलेल्या माणसाकडेच जा. काम सुरू करायच्या आधी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा, पंपाचा फ्यूज काढून इंजिन पेट्रोलवर बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे रेल रिकामी होईल, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. अग्निशामक बाटली हाताशी. त्याच्याकडे ती नसेल तर तिथे थांबू नका.

---

खारेगाव_कळवा · रविवार, सायंकाळी ६:२०

काल दिवसभर रबाळे एमआयडीसीत एका इंजेक्टरवाल्याकडे बसले होते. बाबाही आले, स्टूल घेऊन, वहीसकट. नळ्यांना व्हॉल्व्ह लावून मापं घेतली, ती जशीच्या तशी देते.

आयडलवर २.५ बार, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की ३. ती नळी आतून कोरडी, म्हणजे रेग्युलेटरचा पडदा फाटलेला नाही.

इंजिन बंद केल्यावर मिनिटभरात शून्य. परतीचा व्हॉल्व्ह बंद करून घेतलं, तरी मिनिटभरात शून्य. दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले तेव्हा २ मिनिटांनी १.४ आणि ५ मिनिटांनी ०.५.

बाबांनी लगेच बोट ठेवलं की दोन वेगवेगळे आकडे म्हणजे दोन वेगवेगळी भोकं. काका, तसंच निघालं. थोडं पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधून मागे टाकीत जात होतं, थोडं इंजेक्टरमधून पुढे.

मग रेल इंजेक्टरसकट उचलून बेंचवर लावली. १, २, ४ च्या तोंडाशी नुसती ओल. ३ नंबरला थेंब जमला, लोंबला, पडला. मी मोबाईलवर सेकंद मोजले. पहिल्यांदा तीन, मग चार, मग तीन. मला तुमचा बुधवारचा हिशेब आठवला आणि अंगावर काटा आला.

अल्ट्रासोनिक मशीनमध्ये चारही इंजेक्टर धुतले. तीन बरे झाले, फवारा एकसारखा, गळती नाही. ३ नंबर धुऊनही गळत राहिला, म्हणून त्याच पार्ट नंबरचा नवा घेतला. सगळ्यांना नव्या ओ-रिंग.

टाकीतून पंप काढला तेव्हा जाळी काळी झालेली. टाकीच्या तळाशी तपकिरी पाणी होतं, कपभर तरी. ते कुठून आलं असेल?

खर्च: इंजेक्टर साफ करायचे १,४००, नवा इंजेक्टर २,२००, ओ-रिंग २००, पंपाची मोटर आणि जाळी २,६००, ऑइल आणि ऑइल फिल्टर १,९००, मजुरी १,५००. एकूण ९,८००. नळ्या आणि क्लिपा त्याने मजुरीतच धरल्या.

आता इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासाने गेजवर २.४ होतं. आज सकाळी किल्ली फिरवली आणि सेल्फचा आवाज ऐकू येण्याआधीच चालू झाली. आई खिडकीतून बघत होती.

---

रोड_नंबर_२२ · रविवार, रात्री ८:००

छान झालं.

पाण्याचं सांगतो. टाकी नेहमी रिकामी, म्हणजे आत हवा जास्त. खाडीकाठची दमट हवा रात्री गार झाली की पत्र्यावर घाम धरते. इथेनॉल ते पाणी ओढून घेतं, पण त्यालाही मर्यादा असते. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. तुमचं ५ लिटर पेट्रोल महिना-सव्वा महिना टाकीत पडून राहायचं, आणि पावसाळाभर तसंच.

पंपही त्यातच गेला. टाकीतल्या पंपाला त्याच्याभोवतीचं पेट्रोल गार ठेवतं. तुमचा पंप गॅसवरही दिवसभर चालत होता आणि बुडालेला मात्र बोटभर पेट्रोलमध्ये. इंजेक्टरचं तसंच. गरम इंजिनवर तो तासन्‌तास न उघडता बसून राहतो, आतलं पेट्रोल शिजतं आणि चिकट थर बसतो. म्हणून पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, आणि आठवड्यातून एकदा महापेपर्यंत सगळा रस्ता पेट्रोलवर जा. गॅसपेक्षा महाग पडेल. पण तुमच्या वहीत ९,८०० चीही नोंद आहे.

ऑइल हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदला. पहिल्या ऑइलबरोबर सगळं पेट्रोल निघत नाही.

---

कामोठे_सेक्टर२१ · सोमवार, दुपारी १:१५

माझीही २००८ ची, सीएनजीवर. सकाळी तोच त्रास, गरम असताना मात्र काही नाही. इंजेक्टर साफ करून घेऊ का?

---

खारेगाव_कळवा · सोमवार, रात्री ९:१०

दादा, लगेच खर्च करू नका. आधी सकाळी तीनदा किल्ली ऑन-ऑफ करून बघा. पकडली आणि गरम असताना वास नसेल, तर कदाचित फक्त पंपाचा चेक व्हॉल्व्ह असेल. आणि आजपासून पेट्रोल कधी, किती टाकलं ते किलोमीटरसकट लिहायला लागा. प्लग काढाल तेव्हा नंबर टाकून ठेवा.

---

खारेगाव_कळवा · सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ९:००

काका, तुमच्यासाठी लिहितेय. काम झाल्यावर काटा पाव टाकीच्या रेषेवर आणून ठेवला होता. दर शनिवारी महापेचा रस्ता पेट्रोलवर केला, ते पेट्रोल वेगळं मोजून त्याच दिवशी भरलं. ते सोडून काटा परत रेषेवर आणायला आज ५ लिटर लागले. एक्केचाळीस दिवसांनी. ऑइल काल बदललं, वास नाही.

आई आता काठी न घेता गाडीपर्यंत येते.